शंभर धरलेलं रक्त

पडद्यावर दहा हजार ठिपके होते. मशीनला मीच तसं सांगितलं होतं, दहा हजार लिम्फोसाइट, म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, मोजून झाल्या की थांब. त्यांतल्या सहा हजार एकशे ऐंशी टी पेशी, तीन हजार शंभर बी पेशी आणि उरलेल्या सातशे वीस इतर. तीन हजार शंभर बी पेशींपैकी कप्पा खूण असलेल्या दोन हजार नऊशे ऐंशी, लॅम्डा खूण असलेल्या शहाण्णव, आणि कुठलीच खूण नीट न उमटलेल्या चोवीस. मी बेरीज केली. ती बरोबर आली, म्हणून परत केली. पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागात ठिपक्यांचा एक गच्च ढग होता आणि डाव्या भागात, जिथं दुसरा ढग असायला हवा होता, तिथं झाडून घेतल्यावर अंगणात राहतात तेवढे कण. नळीच्या लेबलवर अजिंक्यच्या अक्षरात ‘नॉर्मल’ लिहिलं होतं.

बी पेशी तयार होताना कप्पा किंवा लॅम्डा यांतली एकच खूण अंगावर घेते आणि मरेपर्यंत तीच वागवते. तिच्यापासून झालेल्या पेशींनाही तीच मिळते. निरोगी माणसाच्या रक्तात पाचांत साधारण तीन कप्पा असतात आणि दोन लॅम्डा, थोडं इकडंतिकडं. तीसास एक असं प्रमाण निघालं तर त्या सगळ्या एकाच पेशीच्या वंशातल्या. कुठल्या तरी एका पेशीनं थांबायचं सोडून दिलेलं असतं. हे मला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि पाच वर्षं मी ते दुसऱ्यांना शिकवत आले. पण त्या दिवशी मी फक्त एक नवीन कुपी तपासत होते. कंपनीच्या माणसानं फुकट दिलेली कप्पा-लॅम्डाची अँटिबॉडी, त्या खुणांना चिकटून त्यांना रंग देणारी. ती चालते का एवढंच बघायचं होतं, म्हणून समोर होती ती नळी घेतली. आमच्याकडं दुसरं काही तपासायचं असलं की नेहमी नॉर्मलवरच तपासतात. ते फुकट असतं आणि रोज सकाळी मिळतं.

ही चाचणी फसली तर धुण्यात फसते. रक्तातल्या पाण्यात या खुणा सुट्याही तरंगत असतात. पेशी नीट धुतल्या नाहीत तर भलतंच चिकटतं. मी उरलेलं रक्त घेतलं, कोमट सलाइननं तीनदा धुतलं, प्रत्येक वेळी फिरवून वरचं पाणी टाकून दिलं. सेंट्रिफ्यूज फिरत असताना मी खिडकीतून होटगी रोडकडं बघत उभी राहिले. एप्रिल. रस्त्यावरचं डांबर ओलं असल्यासारखं चमकत होतं. आत ए.सी. होता, पण तो मशीनसाठी. आमची टेबलं त्याच्या वाऱ्याच्या बाहेर होती. पलीकडं अजिंक्य मोबाइलवर काहीतरी बघत स्वतःशी हसत होता. तो आमचा टेक्निशियन, माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि सगळ्यांशी चांगलं असणारा. त्याचं ते चांगलं असणं मला त्या क्षणी असह्य झालं. काय झालं मॅडम, रिपीट का करताय, असं त्यानं न बघताच विचारलं. मी म्हटलं, धुणं नीट झालं नव्हतं. दुसऱ्यांदा कप्पा दोन हजार नऊशे एकाहत्तर आले. लॅम्डा एकशे एक.

नॉर्मल म्हणजे बिराजदार सर. डॉ. सिद्धप्पा बिराजदार, या ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर रक्तपेशींची प्रयोगशाळा उभी करणारे, माझे गाईड. प्रयोगशाळेला रोज एक निरोगी रक्त लागतं, मशीन आज नीट बघतंय का हे ठरवायला. बाकी ठिकाणी वीस-पंचवीस जणांचं रक्त आलटून पालटून घेतात. आमच्याकडं सरांचं. सकाळी सर यायचे, स्टुलावर बसायचे, डावी बाही दुमडायचे. चपाती लाटावी तशी एकसारखी बाही. अजिंक्य रबर बांधायचा आणि सर आमच्याकडं बघून म्हणायचे, घ्या, सोलापूरचं स्टँडर्ड घ्या. पाहुणे असले की पुढचंही म्हणायचे: चोपन्न वर्षांत एक गोळी घेतलेली नाही, रोज सकाळी कंबर तलावाला दोन चकरा, शाकाहार, ज्वारीची कडक भाकरी. पाहुणे हसायचे. आम्हीही हसायचो. हसायची एक ठरलेली लांबी असते, ती सगळ्यांना पाठ होती. मग त्या रक्तात मोजलेलं जे काही असेल त्याला शंभर म्हणायचं आणि त्या दिवशीची बाकीची सगळी रक्तं त्या शंभराशी लावून बघायची. मशीनचा लेझर म्हातारा होतो, सोलापूरची वीज नाचते, स्टॅबिलायझर गुरगुरत राहतो. त्यामुळं कच्चे आकडे बघायचे नाहीत, कच्चे आकडे फसवतात, हा सरांचा नियम. त्यांनी संगणकात तक्ताच असा केला होता की कच्चे आकडे एका बाजूला मिटून राहत आणि समोर फक्त गुणोत्तर येई. आम्ही सगळे माणसांना सरांनी भागत होतो.

पहिल्या वर्षी एकदा सर दिल्लीला गेले होते. परत आले तेव्हा मी विचारलं होतं की तुम्ही नसाल तेव्हा माझं रक्त घेतलं तर चालेल का. सर चष्म्यावरून बघत म्हणाले होते, “तुझं नको, कांबळे. तुमच्यात सिकलसेलचं प्रमाण असतं. आधी सिकलिंग करून घे, मग बघू.” अजिंक्य तिथंच होता. सर प्रयोगशाळेत सगळ्यांना नावानं हाक मारतात. मला आडनावानं. माझं नाव लांब आहे, असं एकदा म्हणाले होते. संघप्रिया. पाच अक्षरंही नाहीत. मी खालच्या मजल्यावर जाऊन स्वतःच्या हातानं स्वतःचं रक्त काढलं आणि चाचणी करून घेतली. सिकलिंग निगेटिव्ह. रिपोर्ट नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. सर म्हणाले, छान. आणि दुसऱ्या दिवशी परत बाही दुमडली. सिकलसेल तांबड्या पेशीत असतो, लिम्फोसाइटशी त्याचं काही नातं नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. मला तो अपमान फार वेळा आठवतो असं नाही. पण बसमध्ये कुणी बाही दुमडताना दिसलं तर मी खिडकीबाहेर बघायला लागते.

दुपारी मी कँटीनमध्ये डबा उघडून बसले आणि खाल्लं नाही. शेंगाचटणीचं तेल झाकणाला लागलं होतं, ते बोटानं पुसत राहिले. माझा थीसिस सोमवारी जाणार होता. तो गुरुवार होता. थीसिसचा विषय टॉवेलच्या कारखान्यांतल्या रंगखात्याचे कामगार. रंगाची वाफ वर्षानुवर्षं छातीत घेणारी माणसं. त्यांच्या रक्तात बी पेशी दर वर्षी कमी होत जातात, हे माझं निष्कर्षाचं वाक्य. पहिल्या वर्षी नॉर्मलच्या त्र्याण्णव टक्के. चौथ्या वर्षी बेचाळीस. आलेख पायऱ्या उतरावा तसा उतरतो. हैदराबादच्या परिषदेत त्या आलेखाला बक्षीस मिळालं तेव्हा सरांनी स्टेजवर मला बोलावलं नव्हतं, पण आलेख माझा होता. चार वर्षं मी या एका उतरत्या रेषेसाठी जगले. आता त्या रेषेकडं दुसऱ्या बाजूनं बघता येत होतं. जर शंभर धरलेलं रक्तच दर वर्षी फुगत असेल तर त्याच्याशी भागलेलं काहीही उतरेल. दगड भागला तरी उतरेल. कच्चे आकडे उघडून बघायला दहा मिनिटंही लागली नसती. मी ते उघडले नाहीत. डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

मला आनंद झाला होता. हे कबूल न करता पुढं जाता येणार नाही, इतका तो स्पष्ट होता. तो सगळ्यात आधी आला, भीतीच्याही आधी, कप्पाचा आकडा वाचता वाचताच. सोलापूरचं स्टँडर्ड. मी आरशात बघावं तसं त्या आनंदाकडं बघितलं, तर तो आईसारखा दिसला. भांडणात समोरच्याचा पाय घसरला की तिच्या तोंडावर जे येतं ते. आणि त्याच्या मागोमाग एक बारीक थंड गणित: मी गप्प राहिले तर काय होईल. सोमवारी थीसिस जाईल. सहा महिन्यांत तोंडी परीक्षा. नावाआधी डॉक्टर लागेल. सर रोज सकाळी बाही दुमडत राहतील आणि त्यांचं रक्त शंभर धरलं जात राहील. या आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेत कित्येकांना काही होतही नाही, डॉक्टर नुसतं बघत राहतात. मग मी नुसतं बघत राहिले तर? हे वाक्य मला इतकं पटलं की मी उठून हात धुतले.

गप्प राहण्याच्या आड बिरुदेव येत होता. बिरुदेव चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रंगखात्यात होता. दर वर्षी मी त्याचं रक्त घ्यायची. शीर सापडायची नाही, तो स्वतःच मूठ आवळून दाखवायचा, हितं घाला म्हणायचा. गेल्या वर्षी सरांनी कारखान्यात सभा घेतली, माझा आलेख भिंतीवर दाखवला आणि ज्यांचा आकडा फार उतरला होता त्यांची नावं मालकाला दिली. चांगल्या हेतूनं. मालकानं त्यांना पॅकिंगला टाकलं, कमी पगारावर. बिरुदेव सोडून गेला, टेंभुर्णीला हायवेवरच्या एका हॉटेलात वॉचमन झाला. या फेब्रुवारीत पाठपुराव्यासाठी मी तिथं गेले तर तो खुर्चीवरून उठला नाही. ट्रकच्या आवाजात म्हणाला, “रक्त बी तुमीच घेतलं मॅडम, आन काम बी तुमीच घेतलं. आता काय ऱ्हायलंय न्यायला?” तरी त्यानं मूठ आवळली होती. मी परतीच्या एसटीत स्वतःला सांगितलं होतं की राग समजू शकते, पण आकडा आकडा असतो.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. आमच्या बुधवार पेठेत चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं त्या तासाभरात कुणी कुणाशी नीट बोलत नाही. आई साडीचा पदर खोचून बॅरलमध्ये पाइप धरून उभी होती. पप्पा रेल्वेच्या कॅरेज शेडमधून रिटायर झाल्यापासून या कामातूनही रिटायर झालेत, ते बाहेर कट्ट्यावर. आईनं मला बघितल्या बघितल्या सांगितलं की गल्लीतली पोरं येऊन फोटो घेऊन गेली. फ्लेक्स छापायचाय. पांढऱ्या कोटातला फोटो दिलाय, नाव मोठं, त्याच्या आधी डॉक्टर. मी म्हटलं, अजून कशाला, अजून झालेली नाहीये. आई म्हणाली की पोरांना दम कुठं निघतो, आपल्या पेठेत पहिलीच हायस रक्ताची डॉक्टर. मग तिनं माझं तोंड बघितलं आणि पाइप दुसऱ्या बॅरलमध्ये टाकला. मी बादल्या आत नेत नेत सांगत गेले. एक बादली, एक वाक्य. आई शाळेत सातवीपर्यंत गेलेली, पण तिला सांगायला काही सोपं करावं लागलं नाही.

“म्हंजी त्या सरास्नी कॅन्सर हाय?”

मी म्हटलं, आत्ताच तसं म्हणता येत नाही. सुरुवात असू शकते.

“आन तुझं पुस्तक?”

“ते बहुतेक खोटं आहे.”

पाइपातलं पाणी बारीक झालं होतं. तिनं तोंडानं ओढून परत सुरू केलं, थुंकली, तोंड पुसलं. “समज, हे तुझ्या रक्तात असतं आन त्याला दिसलं असतं. तुला सांगितलं असतं त्यानं?”

“सांगितलं असतं. सगळ्यांसमोर.”

आई हसली. तिचं हसू मोठं आहे, शेजारची बाई बादली ठेवून बघायला लागली. “मग तू बी सगळ्यांसमोरच सांग की,” ती म्हणाली. “सकाळी हात पुढं करून बसतो न्हवं? तवाच.”

मी जेवताना, भांडी घासताना, कपड्याला इस्त्री करताना तेच बघत राहिले. स्टूल, दुमडलेली बाही, रबर, अजिंक्यचं वाकलेलं डोकं, आणि मी. मी काय म्हणेन त्याची वाक्यं तयार करत होते. प्रत्येक वाक्य पहिल्यापेक्षा छोटं आणि पहिल्यापेक्षा वाईट. शेवटी एक शब्द उरला: अॅबनॉर्मल. तो शब्द मी इस्त्रीच्या वाफेत हळू आवाजात म्हणून बघितला. शाळेत असताना रक्तगट तपासायला शिबिर आलं होतं, तेव्हा एक बाई मोठ्यानं नाव आणि गट पुकारायची आणि पोरं एकमेकांकडं बघून हसायची. जसं काही गट म्हणजे इज्जत. मला त्याच दिवशी ठरवावंसं वाटलं होतं की मी टेबलाच्या त्या बाजूला बसेन, जिथून पुकारतात.

शुक्रवारी सकाळी मी लवकर गेले आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळ्यांसमोर नाही. हा चांगुलपणा नव्हता. पायांना जी सवय होती तिकडं ते गेले. सर उभे राहून तुळशीच्या कुंडीत बाटलीतलं पाणी घालत होते. फोनवर आईशी कन्नडमध्ये बोलत होते, हू अव्वा, हू, आणि मला हातानं बस म्हणाले. मी बसले नाही. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, सर, नॉर्मलमध्ये कप्पा-लॅम्डा एकतर्फी येतंय.

“कुठल्या नॉर्मलमध्ये?”

“आपल्याकडं एकच आहे.”

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. मग एकेक प्रश्न आला, शांत, शिकवताना विचारतात तसा. धुतलंस का. किती वेळा. सलाइन कोमट होतं का. कुपीची तारीख बघितलीस का. दुसऱ्या नळीवर तपासलीस का. या शेवटच्या प्रश्नावर मी नाही म्हटलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती बघून मला परत कालच्यासारखाच आनंद झाला, कारण मला माहीत होतं की ती टिकणार नाही. सर खुर्चीत बसले. सोमवारी थीसिस द्यायचा आणि शुक्रवारी तुला हे सुचतं, म्हणाले. तुझा माझ्यावर राग आहे हे मला पहिल्यापासून माहीत आहे. ते सिकलिंगचं तू मनात धरून बसली आहेस. मी थक्क झाले. चार वर्षं मला वाटत होतं की ते विसरले असतील. ते आठवत असूनही सर रोज मला कांबळे म्हणत होते.

“माझ्या नळीत तू काय घातलंस?” सर म्हणाले.

मी सांगितलं की निरोगी माणसाचं रक्त घातलं तर दोन्ही खुणा येतात, प्रमाण एकतर्फी होत नाही. ते होण्यासाठी पेशंटचंच रक्त लागतं, आणि ते घातलं असतं तर टी पेशींचं चित्रही बदललं असतं, ते बदललेलं नाही. मी हे सांगत असताना माझा आवाज तोंडी परीक्षेतल्यासारखा होता. सर ऐकत होते. त्यांची मान मला नकळत बघावीशी वाटली, कॉलरच्या वर, जबड्याखाली. तिथं गाठबिठ काही नव्हतं. किंवा मला इतक्या अंतरावरून दिसलं नाही.

त्यांनी हातातली बाटली टेबलावर ठेवली. मग त्यांचा आवाज बदलला. इतका मऊ आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. समज, असेल. मी पुण्याला जाऊन दाखवून येतो. ते माझं मी बघीन. पण इथं कुणाला कळायचं काही कारण नाही. पुढच्या वर्षीचं अनुदान त्या आलेखावर आहे, तुझी डिग्री त्या आलेखावर आहे. तुझे आईवडील वाट बघत असतील. त्यांनी ड्रॉवरमधून माझ्या थीसिसचं प्रमाणपत्राचं पान काढलं, काम मूळ आणि खरं आहे असं गाईडनं लिहून द्यायचं ते, आणि त्याच्यावर सही केली. ठळक, खाली दोन रेघा. पान माझ्याकडं सरकवलं.

मी म्हटलं, “बिरुदेवचं काय?”

“कोण बिरुदेव?”

मी पान उचललं. त्यांना वाटलं असेल की झालं. मी म्हटलं, सर, हात द्या. आजचं रक्त मी घेते. नवीन नळी, तुमच्या डोळ्यांसमोर. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग त्यांच्यात जो संशोधक होता तो उठला. हे मला त्यांच्याबद्दल मान्य करावं लागतं, आणि मान्य करायला आवडत नाही. ते म्हणाले, तुझंही लाव शेजारी. तुझं आधी. कुपी खराब आहे की नाही ते कळू दे की.

प्रयोगशाळेत सर नेहमीच्या स्टुलावर बसले. बाही दुमडली. आज एक घडी वाकडी आली, त्यांनी ती तशीच ठेवली. सोलापूरचं स्टँडर्ड वगैरे काही म्हणाले नाहीत आणि अजिंक्य, हसायची वेळ आली नाही म्हणून, गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मी रबर बांधलं. त्यांची कातडी माझ्या बोटांखाली गरम होती, साधी, माणसाची. चार वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हात लावत होते. सुई आत गेल्यावर ते दुसरीकडं बघायला लागले, खिडकीकडं, लहान मुलांना सांगतात तसं. मग अजिंक्यनं माझं घेतलं. चार वर्षांत माझं रक्त पहिल्यांदा या मजल्यावर निघत होतं. दोन्ही नळ्या सारख्याच गडद होत्या. अजिंक्यनं पेन काढलं आणि एकीवर सवयीनं ‘न’ काढला.

“नॉर्मल लिहू ना मॅडम?”

“नको. नावं लिही. दोघांचीही, वयासकट.”

“मग नॉर्मल कुठलं?”

मी म्हटलं, आज नाहीये. एका माणसाचं कधीच नसतं. हे वाक्य मी सरांकडं न बघता बोलले, पण ते सरांसाठी होतं, आणि थोडं माझ्यासाठीही, कारण एक क्षण मला माझ्या नळीवर तो शब्द हवा होता. फार हवा होता.

धुतलं, फिरवलं, रंगवलं, अंधारात ठेवलं. सर माझ्या मागं उभे होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि त्यांच्या शर्टाच्या स्टार्चचा वास येत होता. माझी नळी आधी लावली. बी पेशी एक हजार एकशे सव्वीस. कप्पा सहाशे अडुसष्ट, लॅम्डा चारशे सत्तेचाळीस. दोन ढग, शेजारी शेजारी. कुपी चांगली होती. मग सरांची. ठिपके पडायला लागले तेव्हा पहिल्या काही शेकड्यांतच दिसलं, पण मशीन दहा हजारांपर्यंत मोजत राहिलं, त्याला घाई नसते. बी पेशी तीन हजार एकशे चौसष्ट. कप्पा तीन हजार सत्तेचाळीस. लॅम्डा ब्याण्णव. अजिंक्य पडद्याकडं, मग सरांकडं, मग जमिनीकडं बघायला लागला. त्याला आता कळलं होतं. म्हणजे शेवटी मी ते सगळ्यांसमोरच केलं होतं.

सरांनी हातावरचा कापूस काढून टोपलीत टाकला. बाही खाली केली, बटण लावलं. ते म्हणाले, “याची प्रिंट काढायची नाही. हा माझा डेटा आहे.” मी म्हटलं, हो सर, तुमचाच आहे. दारात ते थांबले. “सही केलीय मी. पान तुझ्याकडं आहे. आता खोटं ठरायचं असेल तर तू ठर, मी नाही.” मग थोडं थांबून, जसं काही विसरलेलं आठवलं, “आणि संघप्रिया, जाताना ए.सी. बंद करत जा.” पहिल्यांदा नाव घेतलं. ते मला चांगलं वाटलं नाही. आडनावापेक्षा ते जवळून लागलं.

त्यांची पावलं जिन्यावर उतरून गेल्यावर अजिंक्य बराच वेळ नळ्या पुसत राहिला. मग त्यानं विचारलं की सोमवारी विद्यापीठात जायचंय ना, गाडीचं सांगून ठेवू का. मी म्हटलं, थांब थोडं. सही केलेलं पान की-बोर्डच्या शेजारी पडलं होतं. त्याच्यावर मी माझे वापरलेले हातमोजे काढून ठेवले. तक्ता उघडला. बाजूला मिटून ठेवलेला रकाना उघडला, जो चार वर्षांत कुणी उघडला नव्हता. आत माणसं होती, एकेक, कुणी सात टक्के, कुणी अठरा, कुणी अकरा, बिरुदेवच्या चारही वर्षांच्या ओळी. एकेकट्याकडं बघून काही कळत नाही, रक्त तसं असतंच. कुठल्याच आकड्याला सरांनी भागायचं नाही असं संगणकाला सांगितलं आणि वर्षावार सरासरी मागितली.

रंगखात्यातले कामगार, बी पेशींचं प्रमाण. पहिलं वर्ष बारा पूर्णांक एक टक्के. दुसरं वर्ष अकरा पूर्णांक नऊ. तिसरं वर्ष बारा पूर्णांक दोन. चौथं वर्ष बारा पूर्णांक एक.